गुरू म्हणाली ‘पळ’, आणि शिष्य पळाला



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गावर माझा बदली तास होता. मागच्या बाकावर दोघं जण माना खाली घालून काहीतरी वाचत होते. पाठ्यपुस्तक नक्कीच नव्हतं, कारण पाठ्यपुस्तक एवढं मन लावून कोणी वाचत नाही. जवळ गेले तर इंग्रजी कॉमिक निघालं. ‘स्टार वॉर्स : केनन’. पुस्तक जप्त करायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यातला एक जण म्हणाला, “बाई, रागवू नका, पण एक विचारू? यात गुरू लढत मरते आणि शिष्य पळून जातो. मग हिरो तो कसा?”

प्रश्न चांगला होता. लगेच उत्तर देता येईना. पुस्तक मागून घेतलं (जप्त नाही केलं बरं का, मागून घेतलं), घरी नेलं, दोनदा वाचलं. मग त्याच जातीची आणखी काही कॉमिक्स शोधून वाचली. आजचा लेख त्या मुलाच्या प्रश्नाला उशिराने दिलेलं उत्तर आहे असं समजा.

ज्यांना ‘स्टार वॉर्स’ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७ साली आला. एका दूरच्या आकाशगंगेत ‘जेडाय’ नावाचा पंथ आहे. हे लोक निम्मे साधू आणि निम्मे योद्धे. लग्न नाही, संपत्ती नाही. लहानपणीच मूल पंथात येतं, मठात वाढतं, आणि मोठं झालं की एकेका गुरूला एकेक शिष्य मिळतो. या शिष्याला ‘पॅडवान’ म्हणतात. त्याच्या कानामागे एक बारीकशी वेणी असते. शिक्षण पूर्ण झालं की ती कापतात. शस्त्र एकच, प्रकाशाची तलवार, म्हणजे लाइटसेबर. हजारो वर्षं हा पंथ प्रजासत्ताकाचं रक्षण करत आलेला असतो.

आणि मग एका दिवसात सगळं संपतं. २००५ सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या चित्रपटात तो प्रसंग आहे. प्रजासत्ताकाचा प्रमुख पॅल्पटीन हाच आतून पंथाचा शत्रू असतो. तो सैन्याला एक गुप्त हुकूम सोडतो : ऑर्डर ६६. अर्थ एवढाच की प्रत्येक जेडायला जागच्या जागी ठार करा. ज्या सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून जेडाय तीन वर्षं लढले, तेच सैनिक वळून त्यांच्यावर गोळ्या झाडतात.

इथे भाषेची एक गंमत बघा. इंग्रजीत ‘ऑर्डर’ म्हणजे हुकूम, आणि ‘ऑर्डर’ म्हणजे पंथ किंवा संघ सुद्धा. म्हणजे एका ऑर्डरने दुसरी ऑर्डर संपवली. मराठीत सांगताना आपल्याला दोन वेगळे शब्द लागतात आणि ही गंमत हातातून निसटते. पण गोष्टीचा गाभा तिथेच आहे. हुकूम पाळणारे एका बाजूला आणि पंथाची शिकवण पाळणारे दुसऱ्या बाजूला.

चित्रपटात हे हत्याकांड काही मिनिटांत उरकतं. चार-पाच ग्रहांवरचे चार-पाच मृत्यू दाखवतात आणि कॅमेरा पुढे जातो. पण हजारोंतून जे थोडेसे वाचले त्यांचं काय? रात्री कुठे झोपले? काय खाल्लं? नाव काय सांगितलं? चित्रपटाला या प्रश्नांसाठी वेळ नव्हता. कॉमिक्सला मात्र वेळच वेळ होता, आणि गेल्या वीस वर्षांत या एका विषयावर बरीच कॉमिक्स निघाली. त्यातलं ‘केनन’ मला सगळ्यात जवळचं वाटलं. कारण उघड आहे, ती एका शिक्षिकेची आणि एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे.

केलेब नावाचा मुलगा

‘केनन’ हे मार्व्हलने काढलेलं बारा अंकांचं कॉमिक. पहिला अंक एप्रिल २०१५ मध्ये आला. पहिल्या भागाचं नाव ‘द लास्ट पॅडवान’, म्हणजे शेवटचा शिष्य. लेखक ग्रेग वाइझमन, चित्रकार स्पेनचा पेपे लाराझ.

मुलाचं नाव केलेब ड्यूम. वय साधारण चौदा, म्हणजे तुमच्याच वयाचा. मठात तो एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे : प्रश्न विचारणं. सारखे प्रश्न. हे असंच का, ते तसं का नाही, आणि उलटं केलं तर काय होईल? प्रत्येक वर्गात असा एक तरी असतो. खरं सांगायचं तर अशा मुलाचा शिक्षकांना कंटाळाही येतो. चाळीस मिनिटांचा तास, पोर्शन संपवायचा असतो, आणि याचा हात सारखा वर!

त्याची गुरू डेपा बिलाबा. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’ या चित्रपटात ती पंथाच्या परिषदेत बसलेली दिसते. ती भूमिका दीपिका ओ’नील जोटी या अभिनेत्रीने केली होती. डेपाच्या दोन भुवयांच्या मध्ये टिकलीसारख्या दोन बारीक खुणा आहेत. गोष्टीप्रमाणे त्या तिच्या ग्रहावरच्या श्रद्धेच्या खुणा आहेत, पण आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला ती पटकन ओळखीची वाटेल. माझ्या वर्गातल्या मुली तर म्हणाल्या, “बाई, ही आपल्यातलीच दिसते.”

डेपा ही यशस्वी, अजिंक्य वगैरे गुरू नाही. ती एका लढाईत फार वाईट हरलेली आहे. तिची जवळजवळ सगळी तुकडी मारली गेली, ती स्वतः कित्येक महिने बेशुद्ध होती. त्या पराभवातून तिच्याबरोबर वाचलेले दोन सैनिक म्हणजे ग्रे आणि स्टाइल्स. ही नावं लक्षात ठेवा. शुद्धीवर आल्यावर ही आता पूर्वीसारखी राहिली नाही, अशी इतरांना शंका आहे. अशा वेळी ती शिष्य म्हणून कोणाला निवडते, तर त्या प्रश्न विचारणाऱ्या पोराला. पडलेली गुरू आणि कोणालाही नको असलेला शिष्य अशी ही जोडी. मला वाटतं, या कॉमिकचं अर्धं बळ या निवडीत आहे.

दोघं कॅलर नावाच्या ग्रहावर लढायला जातात. ग्रह जिंकला जातो. आता तुम्ही म्हणाल, तिथले लोक फुलं उधळतील. तसं होत नाही. तिथला राज्यपाल गॅमट की हा आभार मानायच्या ऐवजी कुरकुरतो. त्याच्या दृष्टीने कालचे ते आणि आजचे हे सारखेच, दोघंही बाहेरून आलेले. केलेबला हे समजत नाही. आपण तर चांगले आहोत ना? मग हे लोक खूश का नाहीत? डेपा त्याला गप्प बसवत नाही. ती त्याला त्या प्रश्नाबरोबर राहू देते.

त्याच रात्री शेकोटीभोवती सगळे बसलेले असतात. गुरू, शिष्य आणि सैनिक. थट्टामस्करी चालू असते. केलेबला हे सैनिक मोठ्या भावांसारखे वाटतात. आणि हुकूम येतो.

डेपाच्या आधी लक्षात येतं. ती तलवार उपसून गोळ्या अडवते आणि केलेबला सांगते, पळ. तो हलत नाही. ती पुन्हा सांगते, तू पळ, मी तुझ्या मागोमाग येतेच. हे खोटं आहे हे तिलाही माहीत आहे, आणि मला वाटतं केलेबलाही. पण ते खोटं नसतं तर त्याचा पाय उचलला नसता. तो पळतो. ती येत नाही.

आता आपल्या आठवीतल्या मुलाचा प्रश्न. तो त्याला का पडला हे मला कळतं. आपण लहानपणापासून सिंहगडाची गोष्ट ऐकतो. तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले आणि मावळ्यांना परत फिरवलं. त्यामुळे पळणारा म्हणजे भ्याड, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इतिहासाच्या त्याच पुस्तकात १६८९ सालचा रायगडही आहे. तिथे येसूबाई स्वतः वेढ्यात राहिल्या आणि राजारामांना बाहेर काढलं. तिथून ते पुढे जिंजीला गेले. त्या निघण्याला आपण पळणं म्हणतो का? वर्गात मी एवढंच विचारलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

नाव टाकायचं, वेणी कापायची

केलेबची खरी परीक्षा पळाल्यानंतर सुरू होते. कॉमिकचा हा भाग मला सगळ्यात खरा वाटला. त्यात वीरश्री अजिबात नाही. मुलगा शहरात येतो, गल्लीबोळात लपतो, अन्न चोरतो. आत्तापर्यंत आयुष्यात त्याने कधी काही विकत घेतलेलं नाही, कारण मठात सगळं मिळायचं. पैसे म्हणजे काय, भाव कसा करायचा, खोटं कसं बोलायचं, यातलं काहीही त्याला येत नाही. जगातली सर्वोत्तम शाळा शिकलेला हा मुलगा रस्त्यावर एक दिवससुद्धा धड काढू शकत नाही. शिक्षक म्हणून मला हे जरा लागलंच.

मग त्याला जेनस कॅस्मिर भेटतो. हा त्याच ग्रहावरचा तस्कर. कॅस्मिर त्याला खायला देतो, आणि मुलगा त्याचंच जहाज घेऊन पळतो! कारण मठाकडून संदेश आलेला असतो की सगळ्यांनी परत या. वाटेत दुसरा संदेश मिळतो, ओबी-वॉन केनोबीचा : परत येऊ नका, मठ संपला आहे, लपून राहा. पहिला संदेश हा शत्रूने लावलेला सापळा असतो. मुलगा जहाज वळवतो.

कॅस्मिर हा त्याचा दुसरा गुरू. याची शिकवण पहिल्या गुरूच्या नेमकी उलटी. पहिली म्हणायची, दुसऱ्याचा विचार आधी कर. हा म्हणतो, आधी स्वतःचा. पहिली खरं बोलायला शिकवायची, हा थाप मारायला. आणि गंमत अशी, की मुलगा जिवंत राहतो तो दुसऱ्याच्या शिकवणीने. पंथाने ज्याला चूक म्हटलं ते सगळं करूनच पंथाचा शेवटचा शिष्य वाचतो. कपडे बदलतो. वेणी जाते. शेवटी नावही जातं. केलेब ड्यूमचा केनन जॅरस होतो. पुढे त्याने तलवारीचे दोन तुकडे केलेले दिसतात, म्हणजे कोणी पाहिलं तरी ओळखू नये.

नाव बदलून जगणं हे काही फक्त कॉमिकमधलं नाही. ऑर्डर ६६ वाचताना बऱ्याच जणांना युरोपातल्या टेम्पलर पंथाची आठवण होते. तेही साधू-योद्धेच होते. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने देशभरच्या अधिकाऱ्यांना आधीच गुप्त हुकूम पाठवून ठेवले आणि १३ ऑक्टोबर १३०७ च्या शुक्रवारी, एकाच दिवशी, फ्रान्समधल्या टेम्पलरांची धरपकड झाली. १३१२ मध्ये पोपने पंथ बरखास्त केला. १३१४ मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले याला जाळलं. पण पोर्तुगालमध्ये काय झालं? तिथल्या राजाने त्यांना हाकललं नाही. १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ असं नवं नाव देऊन त्याच लोकांचा, त्याच जमिनींचा नवा पंथ उभा राहिला. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो याच पंथाचा. वास्को द गामा १४९८ मध्ये आला तो त्याच क्रूसाखाली, आणि १५१० मध्ये गोवा जिंकणारी जहाजंही त्याच देशाची. म्हणजे बुडालेल्या पंथाचे वाचलेले लोक नाव बदलून कुठपर्यंत पोहोचले बघा. आणि पोहोचल्यावर ते साधू राहिले नव्हते, हेही गोव्याच्या इतिहासात आपण शिकतोच.

हे सांगायचं कारण असं, की वाचलेला माणूस आणि वाचलेली शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस वाचतो, शिकवण मरते, असंही होऊ शकतं. केननच्या बाबतीत तीच धास्ती आहे.

एका प्रश्नाने किती जीव वाचले?

आता माझा सगळ्यात आवडता धागा. हा कॉमिकमध्ये नाही, जॉन जॅक्सन मिलर यांच्या ‘अ न्यू डॉन’ या २०१४ च्या कादंबरीच्या सुरुवातीला आहे, पण दोन्ही एकाच मुलाच्या गोष्टी आहेत.

हत्याकांडाच्या बऱ्याच आधीचा प्रसंग. मठात वर्ग भरलेला आहे आणि ओबी-वॉन शिकवतो आहे. मठात एक यंत्रणा आहे, तिच्यातून संदेश सोडला की आकाशगंगेतले सगळे जेडाय मठात परत येतात. मुलं माना डोलावतात. केलेबचा हात वर. त्याचा प्रश्न : हाच संदेश उलटा वापरता येईल का? सगळ्यांना परत बोलावता येतं, तर सगळ्यांना दूर राहा असं सांगता येईल का?

बाकीच्या मुलांना हा प्रश्न खुळचट वाटला असणार. मठ म्हणजे घर; घरापासून दूर राहा असं कोण कशाला सांगेल? पण ओबी-वॉन विचारात पडतो. आणि ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये तुम्ही पाहिलं असेल, ओबी-वॉन आणि योडा जीव धोक्यात घालून जळक्या मठात शिरतात ते नेमक्या याच कामासाठी, संदेश उलटा करायला. तोच संदेश पुढे केलेबला वाटेत मिळतो आणि तो सापळ्यातून वाचतो. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्याच जुन्या प्रश्नाने वाचवलं, आणि त्याच्याबरोबर आणखी किती जणांना.

चित्रपट आधी आला, कादंबरी नऊ वर्षांनी. म्हणजे लेखकाने एका जुन्या दृश्याला मागून जाऊन कारण जोडलं. मला हे फार हुशारीचं वाटलं. हे वाचल्यावर मला माझे काही जुने तास आठवले. ‘नंतर विचार’ असं म्हणून मी ज्या ज्या मुलांना बसवलं, ते ‘नंतर’ बहुतेकांच्या बाबतीत आलंच नाही.

ग्रे

ग्रे आणि स्टाइल्स ही नावं लक्षात ठेवायला सांगितली होती. हे क्लोन सैनिक आहेत. एकाच माणसापासून प्रयोगशाळेत बनवलेले, दुप्पट वेगाने वाढवलेले. त्यांना बालपण असं नाहीच. जन्मापासून एकच शिक्षण : हुकूम पाळा. २०१४ मध्ये ‘द क्लोन वॉर्स’ या मालिकेत आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येकाच्या मेंदूत एक चिप बसवलेली होती, आणि हुकूम येताच ती चालू झाली. म्हणजे त्यांनी ठरवून विश्वासघात केला असं म्हणता येत नाही.

डेपाला मारल्यावर हे दोघं केलेबच्या मागे लागतात. कॉमिकभर पाठलाग चालतो. पण त्यातल्या ग्रेच्या मनात हळूहळू काहीतरी जागं होतं. ज्या बाईबरोबर आपण हरलो, वाचलो, पुन्हा उभे राहिलो, तिला आपण का मारलं? शेवटी मुलगा तावडीत सापडत असताना ग्रेच्या डोळ्यांपुढचं मळभ दूर होतं. तो आपल्याच जहाजाचा नाश ओढवून घेतो. तो मरतो, स्टाइल्सही मरतो, मुलगा सुटतो.

केलेबला प्रश्न विचारायची सवय होती, ग्रेला तशी सवय कोणी लागूच दिली नव्हती. दोघं एकाच शेकोटीभोवती बसायचे. ग्रेने आयुष्यात बहुधा एकच खरा प्रश्न विचारला, तोही स्वतःला, आणि फार उशिरा.

इतर कॉमिक्समध्ये काय झालं?

या विषयावर ‘केनन’च्या आधीही लिहिलं गेलं होतं. तेव्हा ‘स्टार वॉर्स’ची कॉमिक्स डार्क हॉर्स ही कंपनी काढायची. २०१४ मध्ये लुकासफिल्मने ती जुनी कॉमिक्स आणि कादंबऱ्या ‘लेजंड्स’ म्हणून बाजूला काढली. म्हणजे आता त्या मुख्य कथेत धरत नाहीत. पण वाचायला कोणी बंदी केलेली नाही.

२००५ च्या ‘पर्ज’मध्ये (लेखक जॉन ऑस्ट्रँडर) वाचलेले काही जेडाय एका ग्रहावर गुपचूप जमतात. लपायचं की लढायचं, यावर वाद होतो. डार्थ व्हेडर येतो आणि लढाई होते. त्यात बुल्टार स्वॉन ही जेडाय निःशस्त्र शत्रूवर वार करायला नकार देते, कारण पंथाची शिकवण तशी आहे. कोफी अराना हा तिचाच साथीदार तिला ठार करतो, कारण त्याला व्हेडरला संपवायचं आहे. व्हेडर मरत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या पानावर मला शत्रूपेक्षा कोफीची जास्त भीती वाटली. पंथ बाहेरून संपवण्याची गरजच उरली नव्हती.

२००६ पासून निघालेल्या ‘डार्क टाइम्स’मध्ये डॅस जेनिर हा मोठा, तयार झालेला जेडाय आहे. तो कालच्या शत्रूंच्या बाजूने लढतो, बोमो ग्रीनबार्क नावाच्या बापाला त्याची गुलाम म्हणून विकलेली बायको आणि मुलगी शोधायला मदत करतो. हेतू चांगला. पण शोधता शोधता त्याचा हात इतका सहज चालायला लागतो, की बरोबरचे लोकच त्याला घाबरू लागतात. हे कॉमिक लहान मुलांसाठी नाही. दहावीच्या पुढे गेल्यावर वाचा, तोपर्यंत थांबा.

आणि एक माझ्या मनातून जात नाही ती म्हणजे मठाची ग्रंथपाल. चार्ल्स सोल यांच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘डार्थ व्हेडर’ या मालिकेत ती आहे. जोकास्टा नू, म्हातारी बाई. ती हत्याकांडातून वाचलेली आहे आणि तिला एक नवी शाळा काढायची आहे. पण त्यासाठी मठाच्या ग्रंथालयातली एक वस्तू हवी : आकाशगंगेतल्या शक्ती असलेल्या मुलांची यादी. त्या यादीसाठी ती शत्रूच्या राजधानीत, थेट त्या ग्रंथालयात परत शिरते. तिथे तिला कोण भेटतं? पूर्वी याच मठाचा पहारेकरी असलेला आणि आता जेडायांची शिकार करणारा मुख्य इन्क्विझिटर. तो पुस्तकं वाचत बसलेला असतो! त्याचा राग काय, तर जुन्या काळी या बाईने त्याला काही ग्रंथ वाचू दिले नव्हते. सोलने हे फार सहज लिहिलं आहे, पण कुलूपबंद कपाटांची ग्रंथालयं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते टोचेल.

जोकास्टा मरते. यादी व्हेडरच्या हाती लागते. पण तो ती सम्राटाला देत नाही, फोडून टाकतो. दयेपोटी नव्हे, उद्या त्यातलंच एखादं मूल आपली जागा घेईल म्हणून. कारण काहीही असो, ती मुलं वाचतात. शाळा मात्र निघत नाही.

पळालेला मुलगा शिक्षक होतो

केननची पुढची गोष्ट ‘रेबेल्स’ या अॅनिमेशन मालिकेत आहे, २०१४ ते २०१८. खरं तर मालिका आधी सुरू झाली आणि कॉमिक नंतर आलं. कॉमिकमध्येही मोठा झालेला केनन आपल्या सोबत्यांबरोबर औषधं आणायला पुन्हा कॅलरवर येतो आणि त्याला सगळं आठवायला लागतं, अशी मांडणी आहे. ज्या गावात आपण पळालो तिथेच परत यायचं, हे सोपं नसतं.

मालिकेत त्याला एझ्रा नावाचा रस्त्यावरचा चोरटा मुलगा भेटतो. शिकवायची वेळ येते, आणि केनन घाबरतो. कारण त्याचं स्वतःचं शिक्षण अर्धवट. तो चक्क या मुलाला दुसऱ्या, खऱ्या गुरूकडे सोपवायला निघतो. लुमिनारा उंडुली ही मोठी जेडाय तुरुंगात जिवंत आहे अशी बातमी असते. तिथे पोहोचल्यावर कळतं की ती कधीच मेली आहे, आणि तिचा देह वाचलेल्या जेडायांना पकडण्यासाठी आमिष म्हणून ठेवला आहे. म्हणजे दुसरं कोणी नाही. जे काही अर्धवट येतं ते शिकवायला आता हाच एक उरला आहे.

तो शिकवतो. धडपडत, चुकत. डेपाने शिकवलेलं थोडं, कॅस्मिरने शिकवलेलं थोडं. आणि २०१८ मधल्या एका भागात आगीचा लोळ अडवून धरत तो आपल्या माणसांना पुढे जाऊ देतो आणि स्वतः मागे राहतो. डेपा जिथे उभी होती, तिथेच तो उभा राहिला. फरक एवढाच, की ‘मी मागोमाग येतो’ असं खोटं त्याला सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी मला पकडेलच. २०२१ मध्ये आलेल्या ‘द बॅड बॅच’ या मालिकेच्या पहिल्या भागात डेपाच्या मृत्यूचा हाच प्रसंग पुन्हा दाखवला आहे, पण वेगळा. तिथे शेकोटी नाही. दिवसाउजेडी, बर्फात घडतं. आजूबाजूची माणसंही वेगळी आहेत. मग खरं कोणतं? आठवीतल्या त्याच मुलाने हेही विचारलं. मी म्हटलं, मोठेपणी केननला ती रात्र जशी आठवली तशी कॉमिकमध्ये आली असेल. तो म्हणाला, “बाई, हे उत्तर नाही झालं.” बरोबर आहे, नाही झालं. दोन्ही ठिकाणी सारखं आहे ते एवढंच, की गुरू ‘पळ’ म्हणते आणि मुलगा पळतो.

कॉमिक मी त्याला परत दिलं आहे. सध्या ते वर्गात फिरतं आहे आणि कव्हर निघालेलं आहे. ज्यांचं वाचून झालं असेल त्यांनी दहा-बारा ओळी लिहून आणा : ग्रेला तुम्ही गुन्हेगार म्हणाल की बळी? चिप नसती तर तुमचं उत्तर बदललं असतं का? शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही. आणि ज्याला याहून चांगला प्रश्न सुचेल त्याने उत्तर न लिहिता तो प्रश्नच लिहून आणला तरी चालेल.